हातचा एक

सेगेदला, सपातांच्या दुकानावरच्या माळ्यावर
आमची कंपनी सुरू झाली.
खाली बार्ना म्हातारा मखमलीवर गुलाब भरायचा,
वर तीन पोरं आणि एक कॉम्प्युटर,
व्हिएन्नाहून मोटारीच्या मागच्या सीटखाली लपवून आणलेला.
सीटवर झोंबोरची आत्या.
सरहद्दीवर शिपायाने तिला उतरवलं नाही,
गुडघे सुजलेत म्हणाली ती.
खरंच सुजले होते.

मी एतेल्का. हिशेब माझ्याकडे.
गेममधलं मला काही कळत नसे,
जमा आणि नावे कळे,
आणि जमेच्या बाजूला पहिला हिवाळाभर
आत्याने पाठवलेली खसखशीची गोड वळकटी, तेवढीच.

पहिला गेम: नावाडी.
अठराशे एकोणऐंशीचा पूर, तिसा नदी गावात शिरलेली,
छपराछपरांवर माणसं,
नावेत जागा तिघांना,
आणि मध्येच वाहत येणारी एक गाय,
ती आदळली की खेळ संपला.
चेंगेने माणसं काढली,
आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच.
एवढ्यात शाल तरी दाखवता येते नाहीतर हात.
तिने हात ठेवले.
पाण्याचा आवाज गेल्लेर्तने
स्टेशन न लागलेल्या रेडिओवरून घेतला.

सरकारी कचेरीने तो लंडनला विकला.
पौंड तिकडे जमा झाले,
आमच्याकडे फोरिंट आले, दीड वर्षाने,
मोजून, वजावट करून, वर शिक्का.

मग कॉव्हेन्ट्रीच्या एका मुलाचं पत्र आलं.
दोनशे पंचावन्न माणसं वाचवली मी,
पुढची म्हातारी नावेतून उतरवली
आणि आकडा शून्य झाला.
ते सगळे कुठे गेले?

झोंबोरने मला टेबलावर आठ काड्या मांडून दाखवलं.
आठही उभ्या झाल्या की भरलं.
त्यावर एक आला की आठही आडव्या,
हातचा ठेवायला नववी काडीच नाही.
मी चिडले.
शाळेत बाई हातावर पट्टी मारायच्या,
हातचा विसरलीस तर बेरीज खोटी.
तो म्हणाला, जागाच उरली नाही,
शेवटची होती ती गायीला गेली.
मग गाय काढ, मी म्हटलं.
चेंगे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मुलाला उत्तर मीच लिहिलं, शब्दकोश घेऊन:
सगळे काठावर आहेत.
फक्त मोजता येत नाहीत.

पुढचं सगळं वहीत आहे.
राज्य बदललं, शिक्के बदलले,
आम्ही काचेच्या इमारतीत गेलो, चाळीस खुर्च्या,
कॉफीचं यंत्र हप्त्यावर.
गेल्लेर्त म्युनिकला गेला, परत आला, पुन्हा गेला.
चेंगेने चार वर्षं नुसतं पाणी काढलं,
ऊन पडलेलं, गढूळ, रात्रीचं.
तिच्या माणसांना आता पाच-पाच बोटं होती,
बोटाबोटाला सांधे,
आणि त्यांनी काय धरायचं
हे बैठकीत कोणालाच सांगता येईना.

ज्यांनी आम्हाला विकत घेतलं
त्यांचा एकही माणूस मी पाहिला नाही.
मार्चमध्ये, मंगळवारी, यादी आली.
झोंबोर आपली कुंडी उचलून जिन्याने गेला,
लिफ्ट चालू असताना.

शेवटचे पगार मी काढले.
पत्रकात खाली रकाना होता:
शिल्लक मनुष्यबळ.
शून्य लिहिलं.
बराच वेळ तशीच बसले.
खालून बार्नाच्या हातोडीचा आवाज यायला हवा होता,
पण ही ती इमारत नव्हे.
मग पेन्सिलने, शाळेत लिहायचो तसा,
शून्याच्या डोक्यावर, डावीकडे, बारीक
एक आकडा मांडला.

पत्रक परत आलं.
खाडाखोड चालणार नाही, म्हणे.